गाडी बदलायचं गाव

कुर्डुवाडीत बघण्यासारखं काय आहे, असं विचारणारी बहुतेक माणसं तिथून गाडीत बसून पुढं गेलेली असतात. भिगवणनंतर उजनीचं पाणी दिसतं, जेऊर जातं, कुंकवासाठी नावाजलेलं केम जातं, आणि मग उघडा माळ, बाभळी, लांबवर एखादी विहीर असं चालू असताना जंक्शनची पाटी येते. जवळ डोंगर नाही, किल्ला नाही, गावाला घाटांची नदी नाही. तरी मला याहून देखणं गाव अजून भेटलेलं नाही.

आमचं गाव वाढलं ते माणसांना तिथं थांबावंच लागायचं म्हणून. मुंबई-सोलापूर हा मोठा लोहमार्ग 1860 च्या सुमारास या भागातून गेला, पण कापसाची आणि तेलबियांची मोठी पेठ असलेली बार्शी बाजूलाच राहिली. तिच्यासाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं बार्शी लाइट रेल्वे उभी केली. बार्शी ते कुर्डुवाडी हा सुमारे 35 किलोमीटरचा पहिला टप्पा 1897 मध्ये सुरू झाला. पुढं ही गाडी 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. मोठ्या गाडीचे रूळ साडेपाच फुटी, हिचे अडीच फुटी. इकडचा डबा तिकडं जाणं शक्यच नव्हतं. लातूरहून मुंबईला निघालेला माणूस असो की तिथल्या डाळीची पोती, कुर्डुवाडीत उतरल्याशिवाय सुटका नव्हती. त्या उतरण्या-चढण्यावर हमालांची घरं चालली, चहाच्या गाड्या चालल्या, खानावळी निघाल्या, वर्कशॉप आलं आणि वर्कशॉपच्या भोंग्यावर गावाचं घड्याळ लागलं.

वडील त्याच वर्कशॉपात फिटर होते. छोट्या गाडीचा त्यांना फार अभिमान. अंगणातल्या मातीत काडीनं चाकं काढून ते समजावून सांगायचे: कॅलथ्रॉपनं एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही असं ठरवलं, भार सगळ्या आसांवर सारखा वाटला, म्हणून हलक्या रुळांवरूनही भरलेली गाडी ओढता आली. ‘भार वाटून घेतला की रूळ वाकत नाही,’ हे ते इंजिनाबद्दलच बोलायचे. ते गणित मला तेव्हा निम्मंच कळलं. पण काम समजून घेऊन त्यावर जीव लावणारा माणूस कसा दिसतो, ते मात्र तिथं नीट कळलं.

आषाढीच्या दिवसांत गावाचं रूपच पालटायचं. मराठवाड्यातून, सोलापूरकडून, पुण्याकडून येणारे वारकरी इथं गोळा व्हायचे. पंढरीची छोटी गाडी आतून भरायची, दारांत भरायची आणि मग टपावर माणसं चढायची. गाडी चुकलेली मंडळी फलाटावर, झाडाखाली, आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात टेकायची. आम्हा पोरांचं काम ठरलेलं. कळशी घेऊन पाणी द्यायचं आणि ‘लेकरा, पंढरीची गाडी कुठं लागतीया?’ या प्रश्नाला न कंटाळता उत्तर द्यायचं. एकदा आईनं व्हरांड्यातल्या म्हातारीला विचारलं, ‘माउली, दोन भाकरी टाकू का?’ ती म्हणाली, ‘नगं गं बाई, आज एकादस हाय.’ ‘मग शेंगा तरी घ्या भाजलेल्या,’ असं म्हणून आईनं तिच्या ओच्यात शेंगा ओतल्या. त्या बाईचं गाव कुठलं, नाव काय, कुणी विचारलं नाही. अशी माणसं दरवर्षी यायची आणि जाताना घराला पाया पडून जायची. ज्या घराला अनोळखी माणूस पाया पडून जातो, ते घर पोराच्या मनात फार मोठं होतं.

गावासारखाच गावाबाहेरचा माळही घाईनं पुढं जाणाऱ्याला कळत नाही. गाडीतून तो ओसाड वाटतो. पायी गेलात आणि बांधावर थोडा वेळ बसलात की चंडोल वर चढताना ऐकू येतो, कुसळी गवताचा रंग दर घडीला बदलताना दिसतो. हा माळ म्हणजे पडीक जमीन, हे मत मला कधीच पटलं नाही. आमच्याच सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं, ते अशाच माळावर. आणि काळ्या रानातला शाळू! पावसाळा सरता सरता पेरायचा आणि पुढं जमिनीत मुरलेल्या ओलीवर, थंडीवर आणि दवावर तो वाढतो. कमी पावसाच्या मुलखात एवढ्या भरवशानं उभं राहणारं पीक ज्यानं लहानपणापासून पाहिलंय, त्याला हिरवेगार डोंगर नसल्याची खंत कशाला वाटेल?

छोटी गाडी आता नाही. आधी पंढरपूरची बाजू रुंद झाली, 2008 च्या सुमारास लातूरची, आणि शेवटी मिरजेपर्यंत सगळा मार्ग मोठा झाला. गाडी बदलायची गरज संपली. हे चांगलंच झालं, असं मला मनापासून वाटतं. लातूरच्या माणसानं रात्री-अपरात्री लेकरं आणि बोचकी घेऊन फलाट का बदलावा? भार वाहून हमालांच्या पाठी कशा झाल्या होत्या, ते आम्ही जवळून पाहिलंय. पण जंक्शन म्हणून गावाला जी सवय लागली, ती रुळांबरोबर उखडली गेली नाही. आजही आषाढीला गावात पाण्याची पिंपं ठेवली जातात, आजही अनोळखी माणसाला ‘कुठं निघालाव?’ असं आधी विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबतात.

म्हणून तिकडून जाणार असाल तर थेट पुढं जाऊ नका. पौषात या, हुरडा असतो. सकाळच्या गाडीनं उतरा, स्टेशनाबाहेर चहा घ्या, वर्कशॉपच्या बाजूनं एक चक्कर मारा आणि ऊन चढायच्या आत कुणाच्या तरी रानात जा. ओळख नसली तरी चालेल, बांधावरून हाक मारा.