सकरात ओळखताना

घरातले वडीलधारे माणूस जेवण सोडू लागले की पहिला वाद चमच्यावरून होतो. सून म्हणते, "दादी, दोन घास तरी घ्या." मुलगा म्हणतो, "खात नाही म्हणून अशक्तपणा वाढलाय, सलाईन लावू या." दादी तोंड मिटून भिंतीकडे वळतात. कर्करोग, थकलेले हृदय, निकामी झालेली किडनी अशा लांबलेल्या आजाराच्या अखेरीस भूक अशीच जाते. शरीर बंद होऊ लागल्यामुळे अन्न नकोसे होते, पण आपण उलटे समजून उपासमार झाली म्हणून घाबरतो आणि जबरदस्ती करतो.

या जबरदस्तीबद्दल सहीह बुखारीत एक प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या अखेरच्या आजारात घरच्यांनी त्यांच्या मुखात बाजूने औषध घातले. ते खुणेने नको म्हणत होते. रोग्याला औषध नकोसे असतेच, असे समजून घरच्यांनी ते दिले. शुद्ध येताच त्यांनी नाराजी व्यक्त केली. नको म्हणणारा हात समजून घ्यायला हवा, एवढे तरी आपण यातून घ्यावे.

मृत्यूची नेमकी घडी फक्त अल्लाहला ठाऊक. आपण कोणत्या भूमीत मरणार हे कुणालाच ठाऊक नाही, असे सूरह लुकमानची शेवटची आयत सांगते. तरीही शरीर काही खुणा देते. आधी झोप वाढते. दिवसातले वीस-बावीस तास माणूस निजलेला असतो, हाक मारली तर डोळे उघडतो आणि पुन्हा मिटतो. लघवी कमी आणि गडद होते. गिळताना ठसका लागतो. बोलण्यात गोंधळ येतो. कधीच गेलेल्या अम्मीशी, भावाशी गप्पा सुरू होतात, हात चादर चाचपत राहतात. अशा वेळी "अहो, त्या तर कधीच वारल्या" असे सांगून वाद घालू नये. भीती वाटत नसेल तर बोलू द्यावे. काही जण अखेरच्या एक-दोन दिवसांत अचानक उठून बसतात, चहा मागतात, नातवंडांची नावे घेतात. घरच्यांना वाटते, आजार उतरला. ही उभारी बहुधा थोड्या वेळाची असते. तेवढ्यात ज्यांना यायचे त्यांना बोलावून घ्यावे.

मग हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर आणि तळपायांवर निळसर-जांभळे डाग जाळीसारखे उमटतात. श्वास आधी जोरात, मग हळू, मग काही सेकंद थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. घशात घरघर होते. गिळता न येणारी लाळ तिथे साचलेली असते. ऐकणाऱ्याच्या काळजाचे पाणी होते, पण बहुतेक वेळा रुग्ण तोपर्यंत बेशुद्धीत असतो आणि त्याला तो त्रास आपल्याला वाटतो तितका जाणवत नसतो. उशी थोडी उंच करून कुशीवर वळवले की आवाज कमी होतो.

एक सावधगिरी मात्र हवी. झोप आणि गोंधळ म्हणजे दरवेळी सकरात नव्हे. साखर उतरणे, रक्तातले सोडियम घटणे, लघवीचा जंतुसंसर्ग, एखाद्या गोळीचा जादा परिणाम यांनीही वयस्कर माणूस असाच गुंगतो आणि उपचाराने बरा होतो. आधीपासून बरा न होणारा आजार नसेल आणि बदल एक-दोन दिवसांत झाला असेल, तर यासीन सुरू करण्याआधी डॉक्टरला बोलवा.

वेदनेबद्दलही बोलायला हवे. डॉक्टरने मॉर्फिन लिहून दिले की आपल्याकडे कुजबुज होते: नशेचे औषध, हराम, त्यानेच जीव जाईल. मोजून दिलेले मॉर्फिन दुखणे आणि दम लागणे शमवते, त्याने मरण लवकर येत नाही. उपचारासाठी गरज असताना अशा औषधाला उलमांनी मुभा दिली आहे. बापाला तळमळताना बघून बाटली कपाटात ठेवणे ही दीनदारी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी कुजबुज त्याहून वाईट: "जीव अडकलाय, काही गुनाह असेल." हजरत आयेशा (रजि.) यांच्या उराशी टेकून प्रेषितांनी (स.) अखेरचा श्वास घेतला. जवळच्या पाण्यात हात बुडवून ते चेहऱ्यावरून फिरवत होते आणि मृत्यूच्या यातना असतातच, असे सांगत होते. आयेशा (रजि.) म्हणत की ते पाहिल्यानंतर कुणाचीही कठीण सकरात त्यांना वाईट वाटेनाशी झाली. त्याच वेळी त्यांचे भाऊ अब्दुर्रहमान (रजि.) मिसवाक घेऊन आले होते. प्रेषितांची नजर त्याकडे गेली. आयेशांनी विचारले, घेऊ का? त्यांनी मान हलवली. आयेशांनी ती दातांनी मऊ करून दिली. सेवा म्हणजे काय, हे यातून कळते: नजर ओळखणे, विचारणे, मऊ करून देणे.

पाण्याचेही तसेच. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात जमजमचा चमचा रिता केला तर ते फुफ्फुसात उतरते. कापूस किंवा स्वच्छ फडके भिजवून ओठ आणि जीभ ओली करा, तेवढे पुरे.

तलकीन करावी, तशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. पण खोलीत दहा माणसांनी "कलमा पढा, कलमा पढा" म्हणून गलका करायचा नसतो. एकाने कानाशी हळू आवाजात म्हणावे. इमाम अब्दुल्लाह इब्ने मुबारक यांच्या अखेरच्या वेळी एक जण सारखा आग्रह करत होता. त्यांनी समजावले की मी एकदा कलमा म्हटला, त्यानंतर दुसरे काही बोललो नाही तर मी त्यावरच आहे. बेशुद्धीतही ऐकू येत असावे असे मानून वागा. वाटणीची, गाड्यांची, बिर्याणीच्या डेगची बोलणी बाहेर करा. किब्ल्याकडे तोंड करून द्यावे, त्रास होत असेल तर आहे तसेच राहू द्यावे.

देणे-घेणे, अमानत, बायकोचा राहिलेला महर, सुटलेले रोजे हे सगळे शुद्ध असताना विचारून लिहून घ्यावे. वारस नसलेल्यासाठी वसीयत एक तृतीयांशापर्यंतच. व्हेंटिलेटरबद्दलची इच्छाही तेव्हाच विचारा. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अशी इच्छा आधी लिहून ठेवण्यास मान्यता दिली आणि 2023 मध्ये तिची पद्धत सोपी केली. त्यातले काय स्वीकारायचे, हे आलिम आणि डॉक्टर दोघांना विचारून ठरवा.

श्वास थांबल्यावर पापण्या हलकेच मिटाव्यात. अबू सलमा (रजि.) यांचे उघडे राहिलेले डोळे प्रेषितांनी (स.) स्वतः मिटवले होते. जबडा पट्टीने बांधावा, हातपाय सरळ करावेत. घरी इंतकाल झाला असेल तर डॉक्टरचा दाखला दफनाआधीच घ्यावा, आणि मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करावी.