मिठीकाठचे कुर्ला

सफाळ्याहून मुंबईस नोकरीला जाणाऱ्या आपल्या माणसांना दोन पूल चांगले ठाऊक आहेत. एक वैतरणेचा आणि दुसरा माहीम-वांद्र्यामधला. दुसरा पूल आला की डब्यातील माणसे नाकाला रुमाल लावतात. खाली असते ती मिठी. ती नदी आहे, गटार नव्हे, हे आम्ही मुद्दाम लिहितो.

विहार व पवई तलावांचे ओसंडणारे पाणी घेऊन ती निघते आणि साकीनाका, विमानतळ, कुर्ला असे सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. विहारचे धरण १८६० साली पुरे झाले, तेही मुंबईला पाणी पाजण्यासाठीच. शहराने आधी नदीचे पाणी घेतले, मग तिच्यात घाण सोडली. (आज मुंबई वैतरणेचेही पाणी पिते!)

कुर्ला म्हणजे कामगारांचे गाव. स्वदेशी मिलचा भोंगा, फियाट मोटारी बनविणारी प्रीमिअर ऑटोमोबाईल्स, कमानीचे कारखाने. पाळी सुटली की रस्ता माणसांनी भरून जाई. कमानी ट्यूब्ज आजारी पडली तेव्हा १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने कामगारांनीच सहकारी पद्धतीने ती ताब्यात घेतली आणि काही वर्षे चालवून दाखविली. कामगाराला कारखाना चालविता येत नाही म्हणणाऱ्यांनी ही हकीकत जरूर वाचावी. स्वदेशी मात्र २००० साली बंद पडली आणि हक्काच्या देण्यांसाठी कामगारांना वर्षानुवर्षे न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागले. प्रीमिअरच्या जागेवर आता कोहिनूर सिटी उभी आहे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठीचे पाणी घराघरांत शिरले. मग दोषी कोण? बोट झोपड्यांकडे गेले आणि काठावरच्या हजारो झोपड्या हटविल्या. झोपड्यांनी पात्र अडले, हे आम्ही नाकारीत नाही. पण विमानतळाच्या धावपट्टीसाठी नदीला काटकोनात वळविले, ते झोपडीवाल्यांनी नव्हे. वांद्रे-कुर्ला संकुलासाठी दलदल बुजविली, तीही त्यांनी नव्हे. भरतीचे पाणी जिथे पसरायचे, तिथे आज बँकांच्या काचेच्या इमारती आहेत. त्या कोणी हटविल्या नाहीत.

त्या इमारतींत झाडलोट, पहारा आणि कॅन्टीनची कामे कंत्राटावर चालतात. ती करणाऱ्यांपैकी काही जण सकाळी आपल्याच गाडीला लटकलेले असतात.