सोयाबीनला तूर खात नाही, सोयाबीनच खातं



पेरणी जवळ आली की पारावर एक वाक्य हमखास कानावर येतं, "तुरीचे पाट टाकू नका, तूर मोठी होती अन् सोयाबीनला दाबून टाकती." हे ऐकून दरवर्षी दोन-चार जण पाट मोडतात आणि सगळं रान एकट्या सोयाबीनचं करतात. मला हे पटत नाही. उंच झाड शेजारी आलं म्हणून बुटकं झाड मरत नसतं. एकाच वेळी, एकाच थरातून, एकच गोष्ट मागणारं झाड शेजारी आलं की दोघांचंही पोट अर्धं राहतं.

आधी उन्हाचं बघू. ऊन वरून येतं. ज्याचं पान वर, तो आधी घेतो, उरलेलं खालच्याला. इथं उंचीला नक्कीच महत्त्व आहे. पण उंची कधी झाली, ते जास्त महत्त्वाचं. सोयाबीनमधला कुरडू आठवा. तोही उंच, तूरही उंच. पण कुरडू सोयाबीनच्या बरोबरीनं वाढतो आणि ऐन फुलाच्या टायमाला डोक्यावर बसतो. तूर पहिले दीड-दोन महिने रांगत असते. ती खऱ्या अर्थानं पसरायला लागते तोवर सोयाबीनच्या शेंगा भरत आलेल्या असतात. पाटाला लागून असलेली सोयाबीनची ओळ थोडी मार खाते, हे खरं आहे. पण तेवढ्यावरून सगळ्या तुरीला चोर ठरवू नका.

आता खालचं बघू. सोयाबीनची बहुतेक मुळं वरच्या फूटभर मातीत असतात. तुरीचं सोटमूळ खोल काळ्या रानात पाच-सहा फुटांपर्यंत जातं. ऑक्टोबरनंतर वरची माती तडकते तेव्हा सोयाबीन घरात आलेलं असतं आणि तूर खालच्या ओलीवर फुलं धरते. ते पाणी सोयाबीनच्या हाती लागणारच नव्हतं.

खताबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये दाखवलं की तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल निघतं आणि लोहाशी बांधलेला स्फुरद त्यानं मोकळा होतो. पण हे तांबड्या जमिनीचं आहे. आपल्या काळ्या रानात स्फुरद जास्त करून चुन्याशी बांधलेला असतो, म्हणून हा फायदा जसाच्या तसा धरू नका.

जुनी माणसं हे सगळं पुस्तकाशिवाय ओळखून होती. खरीप ज्वारीत ती मोघ्यानं तूर पेरायची. तिथं तर उलटा प्रकार, ज्वारी डोक्याच्या वर आणि तूर तिच्या सावलीत. तरी तूर मरत नव्हती. ज्वारी निघाली की तिला मोकळं रान मिळायचं. ज्वारी जमिनीतलं नत्र मागते, तूर मुळावरच्या गाठींतून हवेतलं नत्र घेते. दोघींचं ताट वेगळं, म्हणून भांडण कमी.

मग सोयाबीनचा खरा वैरी कोण? दाट पेरलेलं सोयाबीनच. हिशेब करून बघा. ४५ सेंटिमीटरवर ओळी आणि ५ सेंटिमीटरवर झाड धरलं तर एकरी साधारण १ लाख ८० हजार झाडं बसतात. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं तर ३० किलोत अडीच लाख दाणे येतात. उगवण ७० टक्के असेल तर पावणेदोन लाख झाडं, म्हणजे बरोबर. पण उगवण ८५ टक्के असली की तीच पिशवी दोन लाखांच्या वर झाडं देते. त्यावर कुणी "पातळ नको" म्हणून अजून पाच-सात किलो टाकतो. झाडं उन्हासाठी वर पळतात, बुंधा बारीक राहतो, फांद्या फुटत नाहीत, वाऱ्यात पीक लोळतं. सगळी झाडं एकाच उंचीची, एकाच वयाची, एकाच थरातून पाणी ओढणारी. याच्याएवढं वाईट भांडण तुरीशी होऊच शकत नाही.

पाट फायद्याचे का तोट्याचे, हे मोजायची सोपी रीत आहे. समजा एकटं सोयाबीन एकरी ८ क्विंटल येतं आणि एकटी तूर ६. पाट टाकून सोयाबीन साडेसहा आलं आणि तूर अडीच. साडेसहा भागिले आठ, ०.८१. अडीच भागिले सहा, ०.४२. बेरीज १.२३, म्हणजे एका एकरात जवळजवळ सव्वा एकराचं काम झालं. विद्यापीठवाले याला एलईआर म्हणतात. आकडे समजण्यापुरते घेतलेत, तुम्ही तुमचे घाला. बेरीज एकच्या खाली आली तर खुशाल पाट बंद करा.

एक अडचण मात्र खरी आहे. हार्वेस्टर लावायचा म्हणलं की तुरीचे पाट आडवे येतात, आणि हातानं कापायला मजूर मिळत नाहीत. ज्याच्या घरात माणसं नाहीत त्याचं हे गणित मला मान्य आहे. पण मग कारण हार्वेस्टर आहे असं म्हणा, तुरीवर खापर फोडू नका. सोयाबीन काढणीत पावसात भिजलं की जानेवारीतली तूरच उधारी फेडते, हे आपल्या भागात सांगायला नको.

माझं म्हणणं थोडक्यात असं:

• चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. सहापैकी चारच ओळी सोयाबीनच्या, म्हणून बियाणंही दोन तृतीयांशच.
• शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजा, मग किलो ठरवा.
• हलक्या-मध्यम रानात बीडीएन ७११ सारखी लवकर येणारी तूर, भारी रानात बीएसएमआर ७३६. खाली ओल नसलेल्या रानात लांब मुदतीची तूर उपाशी राहते.

कृषी सहायक साहेबांना आणि अभ्यासकांना विनंती, गावात प्रात्यक्षिक घ्याल तेव्हा एकट्या पिकाचा तुकडाही शेजारी ठेवा आणि दोन्ही मोजा. नुसतं "आंतरपीक घ्या" सांगून आता कुणी ऐकत नाही.

तुमच्या रानात पाट आहेत का, किती ओळींचे, ते लिहा. मोडले असतील तर का मोडले, तेही लिहा.