गिटार, हार्वर्ड आणि स्कूल बोर्ड

मंडळी, आपल्या घरांत मुलाच्या हाती गिटार येते ती बहुधा कॉलेजच्या अर्जात एक ओळ वाढावी म्हणून. अ‍ॅडमिशन झाली की गिटार बेसमेंटमध्ये! आणि निवडणूक? "ते आपलं काम नव्हे."

या देशात असे कप्पे नाहीत. टॉम मोरेलो १९८६ साली हार्वर्डचा पदवीधर झाला, एका सिनेटरच्या ऑफिसात राबला आणि मग 'रेज अगेन्स्ट द मशीन'चा गिटारवादक झाला. 'ऑर्लीन्स' बँडचा जॉन हॉल आधी गावच्या स्कूल बोर्डावर होता. २००६ मध्ये काँग्रेसवर निवडून आला. शाळाही पूर्ण न केलेला गायक सनी बोनो १९८८ मध्ये पाम स्प्रिंग्जचा महापौर झाला, १९९४ मध्ये काँग्रेसवर गेला. आपले बेळगावचे श्री ठाणेदार अ‍ॅक्रन विद्यापीठात शिकले. २०२२ मध्ये मिशिगनमधून निवडून आले. आयव्ही लीगचा शिक्का कुठे लागला?

शाळेचं रेटिंग बघून घर घेणारे आपण, सिटिझनशिपची शपथ घेऊनही त्याच शाळेच्या बोर्डासाठी मत द्यायला जात नाही. प्रॉपर्टी टॅक्स तेवढा मुकाट भरतो. मग आपल्याला कुणी विचारत नाही, ही तक्रार कोणत्या तोंडाने करायची?