सुईची धास्ती

"दोन बाळंतपणं काढलीस आणि एवढ्याशा सुईला घाबरतेस?" हे वाक्य आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलं असेल! माझ्या मोठ्या जाऊबाईंनी मध्यंतरी ऐकलं, तेही दवाखान्याच्या दारात. गुडघे इतके धरलेले की जिना उतरताना भिंतीचा आधार लागायचा. हाडांच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, वजन उतरवायला सांगितलं आणि जोडीला अ‍ॅक्युपंक्चर करून बघा म्हणाले. वहिनी तीनदा गेल्या. दोनदा दारातून परत आल्या. तिसऱ्यांदा आत गेल्या तर तिथली मदतनीस मुलगी हसली. मग काय, घरी येऊन सांगितलं, "आज बंद होतं."

खरं काय ते मला कोथिंबीर निवडताना कळलं. "अगं, मला सुया नुसत्या दिसल्या तरी डोळ्यांपुढे अंधारी येते." साठीची बाई, एवढा मोठा संसार केलेली, हे सांगताना खाली मान घालून देठं तोडत होती. मला फार वाईट वाटलं. गुडघा दुखतो हे चारचौघांत सांगता येतं, सुईची भीती वाटते हे मात्र लपवावं लागतं.

बरं, ही भीती येते कुठून? थोडी आपणच पेरतो. "गप बस, नाहीतर डॉक्टरकाका सुई टोचतील" असं म्हणून पोराला भात भरवला नाही अशी आई शोधून सापडायची नाही. (मीही त्यातलीच.) आणि वहिनींच्या लहानपणी तर काचेची सिरिंज, स्टोव्हवर उकळत ठेवलेल्या सुया, आणि पुन्हा पुन्हा वापरून बोथट झालेली तीच सुई सगळ्यांना! त्या सुईला घाबरणं हा भित्रेपणा नव्हता, तो शहाणपणाच होता.

अ‍ॅक्युपंक्चरची सुई मात्र वेगळी असते, हे आधी नीट बघायला हवं. रक्त काढायची सुई आतून पोकळ, टोकाला तिरकी कापलेली आणि साधारण पाऊण मिलिमीटर जाड. अ‍ॅक्युपंक्चरची सुई भरीव, लवचीक, बहुतेक वेळा पाव मिलिमीटरच्या आसपास. तिच्यातून औषध आत जात नाही की रक्त बाहेर येत नाही. टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं. नंतर त्या जागी जडपणा किंवा झिणझिण्या जाणवतात. साधारण वीस-तीस मिनिटं सुया तशाच ठेवतात. कधी टिपूसभर रक्त येतं, कधी काळंनिळं होतं. छातीजवळ चुकीची खोल टोचली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. हे क्वचित घडतं, पण म्हणूनच शिकलेला हात हवा.

वहिनींचं माहेर सोलापूरचं. त्यांना म्हटलं, "तुमच्या गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर 1938 साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत एक डॉ. बसू होते. त्यांनीच पुढे चीनमध्ये ही विद्या शिकून 1959 मध्ये ती कोलकात्यात सुरू केली." शांतारामबापूंचा सिनेमा त्यांना आठवत होता, बसू नव्हते आठवत. पण गावाचं नाव निघाल्यावर जरा खुलल्या.

आता अंधारी येण्याबद्दल. सुई किंवा रक्त दिसलं की काहीजणींचा रक्तदाब एकदम खाली येतो आणि चक्कर येते. ही शरीराची प्रतिक्रिया आहे, नाटक नव्हे. पुष्कळदा ती घराण्यातच असते. अशा बाईला "सैल सोड, शांत हो" सांगून भागत नाही, कारण दाब आधीच उतरत असतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी 1980च्या दशकात याच्या उलट उपाय मांडला. मुठी आवळायच्या, दंड, पोट, मांड्या घट्ट करायच्या, चेहरा गरम वाटेपर्यंत दहा-पंधरा सेकंद धरायचं. मग सोडायचं, वीस-तीस सेकंदांनी पुन्हा. असं पाच वेळा. आम्ही दोघी आठवडाभर रोज दुपारी हे करत होतो, नातवंडं हसत होती! रक्तदाब जास्त असेल, हृदयाचं दुखणं असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि हे सगळं सुया लावण्याआधी करायचं. सुई आत असताना स्नायू आवळायचे नाहीत, तेव्हा निवांत पडून राहायचं.

बाकी तयारी साधी आहे. उपाशीपोटी जायचं नाही. (संकष्टीचा दिवस तर नकोच.) बसून नाही, झोपूनच सुया लावून घ्यायच्या. पहिल्या दिवशी नुसती सुई बघायची, हातात घ्यायची, आणि "आज एकच लावा, मी थांबा म्हटलं की काढा" असं तोंडाने सांगायचं. हे सांगायला आपल्याला फार जड जातं. डॉक्टरसाहेबांना कसं सांगायचं? पण सांगायचं. शरीर आपलं आहे. जो माणूस यावर हसतो किंवा घाई करतो, त्याच्याकडून सुया लावून घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक. पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. सुई निर्जंतुक, एकदाच वापरायची असायला हवी. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, परिषद आहे, तेव्हा नोंदणी विचारायला लाजू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या, गरोदरपण, पेसमेकर असेल तर आधीच सांगा. आणि मधुमेह मुळापासून घालवतो, गाठ विरघळवतो म्हणणाऱ्याच्या दारातून तशाच परत फिरा. जुनाट दुखण्यात काहींना आराम पडतो, पण खोट्या सुयांशी तुलना केली तर खऱ्या सुयांचा फायदा थोडाच जास्त निघतो. म्हणजे करून बघण्यासारखं आहे, पण चालू औषधं आणि व्यायाम सोडून नव्हे.

वहिनी दुसऱ्या ठिकाणी गेल्या, मी सोबत होते. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी त्यांच्या हातात सुई दिली. मग एकच लावली, पायाला. "लावली?" वहिनींनी विचारलं. डोळे गच्च मिटलेले होते. चौथ्या खेपेला सहा सुया झाल्या. गुडघा बराच हलका वाटतो म्हणतात. सुयांमुळे की रोजच्या व्यायामामुळे, ते मी सांगू शकत नाही. डोळे अजून मिटतातच. आणि घरी आता "बंद होतं" असं सांगत नाहीत.