आधी शिवा, मग कापा!

सरळ शिवण कोणालाही जमते. खरी गंमत (आणि खरी कटकट) सुरू होते ती तिरक्या शिवणीपासून!

गेल्या वेळी सरळ पट्ट्यांच्या क्विल्टबद्दल लिहिलं, तेव्हापासून मेलबॉक्समध्ये एकच रडगाणं आहे. पट्ट्या झकास जमल्या, पण त्रिकोण जोडायला घेतले की चौकोन लाटल्यासारखा वेडावाकडा होतो. आणि पुढचं वाक्य ठरलेलं : 'माझा हातच वाईट आहे!' मंडळी, हाताला उगाच बोल लावू नका. हा सगळा प्रताप कापडाचा आहे.

पटत नाही? खिशातला सुती हातरुमाल काढा. आधी उभा ओढा, मग आडवा ओढा. ढिम्म हलणार नाही. आता समोरासमोरची दोन टोकं धरून तिरका ओढा. रबरासारखा ताणला गेला ना? कापडात ताण्याचे उभे आणि बाण्याचे आडवे धागे असतात. धाग्याच्या दिशेने ओढलं, तर तो आपली जागा सोडत नाही. पण ४५ अंशांत ओढलं, की त्यांच्यामधले चौकोन चेपून चक्क शंकरपाळ्यासारखे होतात. मादलेन व्हियोने या फ्रेंच डिझायनरने १९२०-३०च्या दशकांत कापडाच्या याच स्वभावावर अंगावर पाण्यासारखे उतरणारे गाऊन केले. गाऊनला जे वरदान, तेच आपल्या त्रिकोणाला शाप. चौकोन कर्णावर कापला की ती लांब कड मोकळी सुटते आणि मशीनखाली जाईपर्यंत हाताच्या उबेनेही ताणली जाते.

आपल्या गोधडीत ही भानगड नसते. तिथे जुन्या साड्यांचे थर एकमेकांवर ठेवून धावदोरा घालतात. एखादं ठिगळ तिरकं बसलं तरी खपून जातं, उलट शोभूनच दिसतं. पॅचवर्कमध्ये तुकडे कडेला कड लावून जोडायचे, म्हणजे एकाची चूक शेजाऱ्याच्या माथी. एका शिवणीत अर्धा सूत, म्हणजे १/१६ इंच चुकलं, तर कोण बघतंय? पण अशा ८ शिवणी ओळीने आल्या की अर्धा इंच गायब!

मग उपाय? लहानपणापासून ऐकलेला क्रम उलटा करायचा. आधी शिवायचं, मग कापायचं.

४ इंचांचा तयार चौकोन हवा असेल, तर दोन रंगांचे ५-५ इंचांचे चौकोन घ्या. पुस्तकी हिशेब ४ इंच ७ सूत सांगतो, पण आपल्याला थोडी ऐसपैस जागा हवी. सुलट बाजू आत ठेवून दोन्ही एकावर एक ठेवा. फिकट कापडाच्या उलट बाजूवर टोकदार पेन्सिलीने कर्ण आखा. त्या रेषेच्या दोन्ही अंगांना पाव-पाव इंचावर टीप मारा आणि मगच रेषेवर कापा. दोन तुकडे उघडा. दोन दुरंगी चौकोन तयार! तिरकी कड क्षणभरही मोकळी राहिली नाही, मग ताणली जाणार कशी?

आता पाव इंचाची गोष्ट. शिवणीसाठी सोडलेल्या या जागेला शिंपी 'माया' म्हणतात. इथे ती पाव इंचाला केसभर कमी हवी, कारण कापड दुमडलं की दोऱ्यावरून वळताना थोडी जागा खातं. मशीनची परीक्षा घ्या. दीड इंची ३ पट्ट्या शेजारी शेजारी जोडा आणि इस्त्री करून मधली मोजा. बरोब्बर १ इंच भरली तर पास. कमी भरली, तर माया जास्त होतेय. मशीनवर खुणेची टेप चिकटवली असेल तर ती जराशी सुईकडे सरकवा.

आणखी थोडं. कापण्याआधी कापडाला खळ देऊन इस्त्री करा, ते कागदासारखं वागतं. टाका २ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. टोकापासून थेट सुरुवात केली की मशीन ते टोक खाली गिळतं. म्हणून आधी एका चिंधीवर टीप सुरू करा आणि तिच्यामागून आपला तुकडा सोडा. शिवून झाल्यावर इस्त्री दाबायची, फिरवायची नाही. फिरवलीत की एवढी सांभाळलेली तिरकी शिवण तिथेच ताणली जाणार. शेवटी चौकोनी पट्टीवरची ४५ अंशांची रेघ शिवणीवर टेकवून चारी बाजूंनी साडेचार इंचांवर छाटा. उरलेला अर्धा इंच पुढच्या जोडणीत जातो.

एवढा खटाटोप कशासाठी, असं म्हणाल. दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने तिच्या बाबांचे सहा शर्ट माझ्याकडे आणून दिले. बाबा नुकतेच गेले होते आणि तिला सातवा महिना होता. कॉलर-कफ विरलेले, पण पाठ आणि बाह्या धडधाकट. सगळे बारीक रेघांचे. तिचं म्हणणं एकच, रेघा वाकड्या नकोत. बाबा इस्त्री मोडलेला शर्ट घालून कधी घराबाहेर पडले नव्हते. हे कापड कुठल्याही मॉलमध्ये मीटरवर मिळणार नव्हतं. अशा वेळी 'आधी शिवा' ही नुसती युक्ती राहत नाही. त्या क्विल्टमध्ये भिरभिऱ्याची नक्षी केली. चार दुरंगी चौकोन फिरवून जोडले की आठ त्रिकोणांची टोकं मध्ये एका बिंदूत भेटतात, आणि त्यांच्या रेघा चहूबाजूंनी त्या बिंदूकडे धावतात. नातू आता त्याच बिंदूंवर बोट ठेवून त्याला येतील तेवढे आकडे मोजतो.

तुमच्याकडेही असं एखादं कापड कपाटात असेलच. पण थेट त्याला हात घालू नका. या शनिवारी जुन्या चादरीचे चार चौकोन कापा, पट्ट्यांची परीक्षा पास व्हा, एक भिरभिरं जमवा. आणि हो, माया मोजून ठेवा. फक्त कापडात हं!