रागांचे कोष्टक आणि रोग्याची हकिकत

जून महिना निम्मा उलटला आणि २१ तारखेचा जागतिक संगीत दिन जवळ आला, की वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत एका ठरावीक प्रकारचे लेख येऊन पडतात. त्यांत हमखास एक कोष्टक असते. डाव्या बाजूस रोग, उजव्या बाजूस राग. निद्रानाशावर अमुक, रक्तदाबावर तमुक, मुलाचे अभ्यासात लक्ष लागत नसेल तर आणखी तिसराच. आमच्याही पुरवणीत अशी कोष्टके छापून आलेली आहेत, हे आधीच कबूल केलेले बरे. वाचकांना ती आवडतात, कात्रणे काढून ठेवली जातात. परंतु ज्या घरात सहा वर्षांचे होऊनही न बोलणारे मूल आहे, त्या घरातील आई हे कात्रण निराळ्या डोळ्यांनी वाचते. ती सांगितलेला राग मिळविते, सांगितलेल्या वेळी मुलाला ऐकविते, आणि महिन्याभरात काहीच घडले नाही म्हणजे आपलेच काही चुकले असे समजून गप्प बसते. राग चुकला, वेळ चुकली, की श्रद्धा कमी पडली? तिला उत्तर द्यायला कोष्टककार येत नाही. आम्हीही कधी गेलो नाही.

संगीताने माणसाचे मन ताळ्यावर येते, हे केसरबाई आणि मोगूबाई यांच्या गोमंतकाला कोणी शिकवावयास नको. प्रश्न संगीताच्या सामर्थ्याचा नाही. त्या सामर्थ्याविषयी आपण ज्या भाषेत बोलतो तिचा आहे. आपण आख्यायिका सांगतो. पंडित ओंकारनाथ ठाकूर यांनी मुसोलिनीला पूरिया ऐकवून झोपविले, ही गोष्ट मैफलीनंतरच्या गप्पांत ऐकली नाही असा रसिक विरळाच. त्या गृहस्थाला दुसऱ्या रात्री झोप लागली की नाही, हे मात्र कोणी विचारीत नाही.

युरोपातही अशा आख्यायिकांना तोटा नाही. स्पेनचा राजा पाचवा फिलिप विषण्णतेने ग्रासलेला होता. १७३७ साली राणीने फारिनेल्ली या विख्यात इटालियन गायकास माद्रिदला बोलावून घेतले, तो राजाला रात्रीमागून रात्री गाऊन दाखवू लागला आणि राजा पुन्हा राज्यकारभार पाहू लागला, असे सांगतात. कथा येथे संपते. पण त्याच काळात ब्रिटनचे राजदूत बेंजामिन कीन हे माद्रिदमध्ये होते. त्यांनी मायदेशी कळविलेली हकिकत अशी, की राजा गाणे ऐकून झाले की स्वतः त्या गायकाची नक्कल करीत आरोळ्या ठोकीत असे. राजाचे दुखणे समूळ गेले नाही, आणि १७४६ साली त्याचा अंत होईपर्यंत फारिनेल्लीचे गाणेही थांबले नाही. राजदूताने जे लिहिले ते आख्यायिकेहून कमी गोड आहे. पण शिकण्यासारखे जे आहे ते त्यातच आहे: रोगी नुसता ऐकत नव्हता, तो आपल्या परीने गात होता.

संगीतोपचार हे शास्त्र आज ज्या पायावर उभे आहे, त्यातला एक मोठा दगड अशाच बारकाईने लिहिलेल्या हकिकतींचा आहे. डॉक्टर मंडळी ज्याला ‘केस स्टडी’ म्हणतात, त्याला आपण रुग्णवृत्तांत म्हणू. रोगी उपचारापूर्वी कसा होता, कोणत्या दिवशी काय वाजविले, त्याने काय केले, कोणत्या दिवशी काहीच घडले नाही, हे सारे त्यात असावे लागते. अमेरिकेतील केनेथ ब्रुशिया यांनी १९९१ साली असे चाळीसहून अधिक वृत्तांत एका ग्रंथात एकत्र केले. परंतु एकच वृत्तांत वाचावयाचा असेल, तर आम्ही एडवर्डचा सुचवू.

पॉल नॉर्डॉफ हे अमेरिकन संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हे इंग्रज शिक्षक १९५९ साली इंग्लंडमधील सनफील्ड या मुलांच्या संस्थेत एकत्र आले. एकाने पियानोवर बसावे, दुसऱ्याने मुलाजवळ राहावे, प्रत्येक बैठक ध्वनिफितीवर घ्यावी आणि नंतर ती फीत थांबवीत थांबवीत ऐकून टिपणे करावीत, अशी त्यांची रीत होती. १९७७ साली निघालेल्या त्यांच्या ‘क्रिएटिव्ह म्युझिक थेरपी’ या ग्रंथात ज्याला एडवर्ड म्हटले आहे, तो साडेपाच वर्षांचा मुलगा. त्याला खोलीत आणले तेव्हा तो आकांत करून रडत होता, किंचाळत होता. आपल्याकडच्या कोष्टकाप्रमाणे येथे एखादा शांत राग लावावयाचा. नॉर्डॉफ यांनी तसे केले नाही. मुलाची किंकाळी ज्या स्वरात आणि ज्या आवेगाने येत होती, तो स्वर आणि तो आवेग त्यांनी पियानोवर घेतला. किंकाळीला स्वरांचे उत्तर मिळाले. थोड्या वेळाने मुलाचे ओरडणे त्या स्वरांशी जुळू लागले. ते रडणेही राहिले नाही आणि गाणेही झाले नाही, पण दोन माणसांमध्ये काहीतरी सुरू झाले.

याला आपल्या संगीतात शब्द आहे: उपज. समोरून आलेली सूर-लय पाहून त्या क्षणी जे सुचते ते. ज्या संगीताचा प्राण उपज हा आहे, त्याच संगीताच्या नावाने चालणारी आपली रागचिकित्सा मात्र रागाला बाटलीतल्या औषधाप्रमाणे वाटते, चमचे मोजून आणि वेळ लिहून. हा विरोधाभास आमच्या मोठमोठ्या बुवांच्याही लक्षात कसा येत नाही, याचे आम्हांस नवल वाटते. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. कांदोळीस जन्मलेल्या या गोमंतकीयाने १८१३ साली पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग सुरू केले आणि ठासून सांगितले, की संमोहन करणाऱ्याच्या हातांतून कसलाही चुंबकीय द्रव वाहत नाही, जे घडते ते समोरच्या माणसाच्या मनात घडते. पुतळ्याच्या हातांकडे आपण पाहतो. त्यांचे म्हणणे विसरतो. रागातूनही कसला द्रव वाहत नाही.

म्हणूनच या विद्येत रुग्णवृत्तांताला जे मोल आहे ते अन्य औषधांच्या बाबतीत नसेल. गोळी कोणी दिली याने फारसे बिघडत नाही; येथे कोणी, कोणाला, कोणत्या क्षणी काय वाजविले हाच उपचार आहे, आणि तो नोंदला नाही तर त्याच्याविषयी बोलावयास काही उरत नाही. एडवर्डच्या बैठकीची फीत राहिली, म्हणून १९९८-९९ साली ‘नॉर्डिक जर्नल ऑफ म्युझिक थेरपी’ या नियतकालिकात निरनिराळ्या मतांच्या अभ्यासकांना तीच बैठक ऐकून त्यावर लिहिता आले, एकमेकांशी वाद घालता आला. आख्यायिकेशी वाद घालता येत नाही, तिला फक्त मान डोलवता येते.

यावर आक्षेप आहे आणि तो खरा आहे. उपचार करणारा आपले यशच लिहिणार. ज्या मुलाचे काही झाले नाही त्याची वही पेटीत राहणार. शिवाय मूल वाढत असते. संगीत नसते तरी ते सुधारले नसते कशावरून? याचे उत्तर शोधण्यासाठी नऊ देशांतील चार ते सात वर्षांच्या ३६४ स्वमग्न मुलांवर मोठी चाचणी झाली. काही मुलांना नेहमीच्या उपचारांसोबत उत्स्फूर्त संगीताचे उपचार मिळाले, बाकीच्यांना ते मिळाले नाहीत, आणि कोणाला काय मिळाले हे ठाऊक नसलेल्या तज्ज्ञांनी सर्वांना तपासले. २०१७ साली निकाल प्रसिद्ध झाला: पाच महिन्यांनंतर सामाजिक व्यवहाराच्या मुख्य मोजमापात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. २०२२ साली कॉक्रेन संस्थेने २६ अभ्यासांतील १,१६५ जणांचा आढावा घेतला. एकंदर सुधारणेची शक्यता संगीताने वाढत असावी, जीवनमानही सुधारत असावे, असे त्यात दिसले. बोलणे आणि मिसळणे यांबाबत मात्र उपचार संपताना स्पष्ट पुरावा मिळाला नाही.

हे निकाल लपवून संगीतोपचाराची जाहिरात करणे लबाडीचे होईल. परंतु ते वाचून वह्या बंद करणे हीही चूकच. सरासरी ही कोणत्याही एका मुलाची हकिकत नसते, आणि उद्या दाराशी येणारे मूल सरासरीचे नसते. गणिताने सांगावे की किती भरवसा ठेवावा. कोणत्या मुलापाशी कसे बसावे, हे वृत्तांतच सांगतो. शिवाय पुढची चाचणी कशाची घ्यावयाची, हेही बहुधा एखाद्या रोग्याकडे नीट पाहिल्यानेच सुचते. अर्धांगवायूने वाचा गेलेला आजोबा चवथीला घुमटाचा ठेका सुरू होताच आरतीचे शब्द स्पष्ट म्हणतो आणि आरती संपताच पुन्हा मुका होतो, हा प्रकार ज्या घरात घडतो ते घर त्याला देवाची कृपा म्हणते. असेच रोगी पाहिलेल्या बॉस्टनच्या वैद्यकांनी १९७३ साली बोलण्याचे साधे वाक्य चालीवर, डाव्या हाताने ठेका धरून म्हणविण्याची पद्धत मांडली. २०११ साली डोक्यात गोळी लागून वाचा हरपलेल्या अमेरिकन लोकप्रतिनिधी गॅब्रिएल गिफर्ड्स यांना शब्द परत मिळविताना गाण्याचा आधार झाला, हे जगाने पाहिले.

आपल्याकडे हे काम करावयाचे म्हटले तर वाट नवी नाही. पेशाने वकील असलेल्या भातखंडे यांनी गावोगाव हिंडून, कोणी काय सांगितले ते दैनंदिनीत टिपून, घराण्यांच्या तिजोरीतल्या चिजा स्वरलिपीत उतरविल्या आणि क्रमिक पुस्तकांचे सहा भाग सिद्ध केले. तोवर प्रत्येक खाँसाहेबाचा शब्द हाच पुरावा होता. रागचिकित्सा आज त्याच अवस्थेत आहे. बांबोळीचे मनोविकारतज्ज्ञ आणि आमचे संगीतशिक्षक यांनी आठवड्यातून एकदा एका खोलीत बसावे. फार नको, वर्षभरात पाच रोगी पुरेत. उपचारापूर्वीचे तीन आठवडे नुसते पाहावे आणि लिहावे. मध्ये काही आठवडे संगीत थांबवून पुन्हा लिहावे. आई काय म्हणते ते तिच्याच शब्दांत लिहावे. पाचांपैकी तिघांचे काही झाले नाही, तर त्या तिघांचे आधी लिहावे. आणि नावे बदलावीत, गावही बदलावे, घरच्यांना विचारल्यावाचून काहीच छापू नये. आपला प्रदेश लहान आहे. अमक्या वाड्यावरचा तमक्याचा मुलगा, एवढे ओळखायला येथे तिसऱ्या माणसाची गरज लागत नाही, आणि पुढे त्या घरातल्या मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत ते कात्रण निघते.

आमच्यापुरते सांगावयाचे तर, यंदाच्या संगीत दिनासाठी आलेली दोन कोष्टके आम्ही लेखकांकडे परत पाठविली आहेत. सोबत विनंती केली आहे, की आपण या रागाने बरा झालेला एक मनुष्य पाहिला असेल तर त्याची हकिकत आरंभापासून लिहून पाठवावी. आम्ही पूर्ण पान देऊ. एका लेखकाचे उत्तर आले आहे. त्यांनी असा मनुष्य स्वतः पाहिलेला नाही. दुसऱ्यांच्या उत्तराची आम्ही वाट पाहत आहोत.